प्रोग्रेसिव्ह म्हणजे नेमकं काय? कोणी मिरवतं, कोणी शिवीसारखं वापरतं, हा शब्द आला कुठून?

फेसबुकवर कुठल्याही आंतरजातीय लग्नाच्या, आरक्षणाच्या किंवा सणाच्या पोस्टखाली जा. वीसेक कमेंट्स झाल्या की एक शब्द हमखास येतो, 'पुरोगामी'. कोणी तो अभिमानाने लिहितो, "हा फुले-शाहू-आंबेडकरांचा पुरोगामी महाराष्ट्र आहे." त्याच्याच खाली दुसरा कोणी 'फुरोगामी' असं लिहून हसण्याचे इमोजी टाकतो. इंग्रजीतून भांडणारे 'प्रोग्रेसिव्ह' म्हणतात. बायोमध्ये तो शब्द लावणारेही आहेत आणि तो बघून अनफॉलो करणारेही आहेत.

माझी मात्र या शब्दाशी खरी गाठ पडली ती आजोबांच्या कानाच्या रिपोर्टवर. रिपोर्टमध्ये 'प्रोग्रेसिव्ह' असं लिहिलेलं होतं. मी तो मोठ्याने वाचला आणि आजी खूश झाली. "प्रोग्रेस म्हणजे प्रगती ना? म्हणजे कान सुधारतायत." नातेवाइकांच्या ग्रुपवर अंगठेही आले. दोन दिवसांनी डॉक्टरांनी समजावून सांगितलं की इथे 'प्रोग्रेसिव्ह' म्हणजे दिवसेंदिवस वाढत जाणारा बहिरेपणा.

एकच शब्द. एकीकडे समाज सुधारणारा आणि दुसरीकडे आजार वाढवणारा. हे कसं काय? तर विषय सुरू होतो लॅटिन भाषेपासून.

शब्दाची फोड

'प्रोग्रेस' हा शब्द लॅटिनमधल्या 'प्रोग्रेडी' या क्रियापदावरून आला. त्यात दोन तुकडे आहेत. 'प्रो' म्हणजे पुढे आणि 'ग्राडी' म्हणजे पाऊल टाकणं, चालणं. म्हणजे मूळ अर्थ अगदी साधा, पुढे चालणं.

या 'ग्राडी'चं गोत्र मोठं आहे. 'ग्राडुस' म्हणजे पायरी. त्यावरून ग्रेड आला आणि ग्रॅज्युएटही. 'काँग्रेस' म्हणजे चालत एकत्र येणं, भेटणं. 'इन्ग्रेडियंट' म्हणजे आत जाणारा घटक. आणि 'अ‍ॅग्रेसिव्ह'? त्याचा मूळ अर्थ कोणाच्या तरी दिशेने चालत जाणं. आपणही मराठीत हल्ला करण्याला 'चालून जाणं' म्हणतोच की.

आता आपल्या 'प्रगती'कडे बघा. 'प्र' म्हणजे पुढे, 'गती' म्हणजे जाणं. फोड जवळपास तीच. त्यातला 'प्र' आणि लॅटिनचा 'प्रो' तर भाऊच आहेत. दोन्ही एकाच प्राचीन इंडो-युरोपीय मुळातून आले. 'गती'चं मूळ 'गम्' मात्र 'ग्राडी'चं नातेवाईक नाही, ते इंग्रजीतल्या 'कम'चं आहे.

'पुरोगामी' हा शब्दही याच अर्थाचा. 'पुरस्' म्हणजे समोर, पुढे आणि 'गामी' म्हणजे जाणारा. जो पुढे चालतो तो पुरोगामी. गंमत म्हणजे 'पुरोहित' या शब्दातही तोच 'पुरस्' आहे. ज्याला पुढे ठेवलं आहे, तो पुरोहित. सोशल मीडियावर एकमेकांसमोर उभे केले जाणारे हे दोन शब्द एकाच घरातले आहेत.

लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट एवढीच की यातला एकही शब्द 'चांगलं' असं म्हणत नाही. सगळे फक्त 'पुढे' म्हणतात.

आधी प्रोग्रेस म्हणजे नुसता प्रवास

इंग्रजीत 'प्रोग्रेस' हा शब्द आला तेव्हा त्याचा अर्थ सरळ प्रवास असा होता. राजा किंवा राणी लवाजमा घेऊन राज्यात फिरायला निघाली की त्याला 'रॉयल प्रोग्रेस' म्हणत. इंग्लंडची पहिली एलिझाबेथ राणी उन्हाळ्यात असे दौरे काढायची.

१६७८ मध्ये जॉन बन्यनचं 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' हे पुस्तक आलं. इथेही प्रोग्रेस म्हणजे यात्रेकरूची वाटचाल. मराठीत १८४१ मध्ये हरी केशवजी यांनी त्याचं भाषांतर केलं आणि नाव दिलं 'यात्रिक क्रमण'. क्रमण म्हणजे पावलं टाकत जाणं. त्यांनी 'यात्रेकरूची प्रगती' असं केलं नाही, हे बरंच झालं.

'प्रोग्रेसिव्ह' हे विशेषण इंग्रजीत साधारण १६०० च्या आसपास दिसू लागलं. टप्प्याटप्प्याने पुढे सरकणारं, असा त्याचा अर्थ. हा अर्थ आजही मेलेला नाही. 'प्रोग्रेसिव्ह' चष्म्यात काचेचा नंबर वरून खाली हळूहळू बदलत जातो. 'प्रोग्रेसिव्ह टॅक्स' म्हणजे उत्पन्न वाढेल तसा कराचा दर वाढत जाणं, आपले इन्कम टॅक्सचे स्लॅब तसेच आहेत. आणि 'प्रोग्रेसिव्ह' आजार म्हणजे हळूहळू वाढत जाणारा आजार. आजीची फसगत इथेच झाली. डॉक्टर जुन्या अर्थाने बोलत होते, आजी नव्या अर्थाने ऐकत होती.

प्रवासाची 'प्रगती' कधी झाली?

पूर्वीच्या बहुतेक समाजांना सुवर्णकाळ मागे होऊन गेला असं वाटायचं. आपल्याकडे सत्ययुग आधी आणि कलियुग शेवटी. ग्रीकांकडेही सोन्याचं युग आधी आणि लोखंडाचं नंतर. माणूस पिढ्यान्‌पिढ्या पुढे जातोय आणि पुढचे दिवस चांगले असणार आहेत, ही कल्पना जोरात मांडली गेली ती युरोपात, विशेषतः अठराव्या शतकात.

यात एक नाव घ्यावंच लागतं, कोंदोर्से. हा फ्रेंच गणितज्ञ आणि विचारवंत. स्त्रियांना मताधिकार द्या आणि गुलामगिरी बंद करा असं तो त्या काळात सांगत होता. फ्रेंच राज्यक्रांतीला त्याने पाठिंबा दिला, पण पुढे क्रांतिकारकांनीच त्याच्या अटकेचा हुकूम काढला. पॅरिसमध्ये लपून बसलेला असताना त्याने मानवी बुद्धीच्या प्रगतीचा इतिहास लिहिला. माणूस अज्ञानातून सुटत जाईल, विषमता कमी होत जाईल, असं त्यात आहे. मार्च १७९४ मध्ये तो पकडला गेला आणि कोठडीतच त्याचा मृत्यू झाला. पुस्तक छापलं गेलं १७९५ मध्ये. प्रगतीवरचं इतकं आशावादी पुस्तक जीव मुठीत धरून लिहिलं गेलं होतं.

एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, तार आली, कारखाने आले आणि 'प्रोग्रेस' हा युरोपात मोठाच भरवशाचा शब्द झाला. पण त्याच वेळी तो राज्य करण्याचं कारणही झाला. १८५८ च्या कायद्यानंतर हिंदुस्थानचा कारभार थेट ब्रिटिश राणीकडे गेला आणि हिंदुस्थानच्या 'नैतिक आणि भौतिक प्रगती'चा अहवाल दरवर्षी ब्रिटिश संसदेपुढे ठेवला जाऊ लागला. थोडक्यात, आम्ही तुमची प्रगती करतोय हे दाखवायचं प्रगतिपुस्तक. फक्त मार्क देणारा आणि पेपर लिहिणारा एकच होता.

दादाभाई नौरोजींनी नेमकं यावरच बोट ठेवलं. सरकारचेच आकडे घेऊन त्यांनी दाखवून दिलं की इथली संपत्ती इंग्लंडला वाहून जातेय आणि इथला माणूस गरीब होतोय. १९०१ मध्ये त्यांचं यावरचं प्रसिद्ध पुस्तक आलं. त्यांच्या मांडणीतून निघणारा सवाल सोपा होता. प्रगती होत असेल, तर ती कोणाची?

मग राजकारण आलं

'प्रोग्रेसिव्ह' हा राजकीय शिक्का म्हणून ब्रिटनमध्ये १८८० च्या दशकात रुळायला लागला. १८८९ मध्ये लंडन काउंटी कौन्सिलची पहिली निवडणूक झाली आणि उदारमतवादी, कामगार चळवळवाले असे सगळे 'प्रोग्रेसिव्ह' या नावाखाली एकत्र येऊन जिंकले. १९०७ पर्यंत लंडनचा कारभार त्यांच्या हातात होता.

पण शब्द जगभर गाजला तो अमेरिकेमुळे. १८९० च्या दशकापासून साधारण १९२० पर्यंतचा काळ तिथे 'प्रोग्रेसिव्ह एरा' म्हणून ओळखला जातो. बड्या कंपन्यांची मक्तेदारी, कारखान्यात राबणारी लहान मुलं, भ्रष्ट राजकारणी, भेसळीचं अन्न अशा गोष्टींविरुद्ध सुधारक उभे राहिले. १९०६ मध्ये अन्न आणि औषधांच्या शुद्धतेचा कायदा झाला. १९२० मध्ये घटनादुरुस्तीने स्त्रियांचा मताधिकार देशभर मान्य झाला.

याच काळातला सगळ्यात फिल्मी प्रसंग १९१२ चा. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना रिपब्लिकन पक्षाने उमेदवारी नाकारली, तर त्यांनी वेगळा पक्ष काढला. नाव, प्रोग्रेसिव्ह पार्टी. १४ ऑक्टोबर १९१२ ला मिलवॉकी शहरात त्यांच्यावर गोळी झाडली गेली. खिशात भाषणाच्या कागदांची जाड घडी आणि चष्म्याची केस होती, त्यामुळे गोळीचा जोर कमी झाला. छातीत गोळी घेऊन हा माणूस तासाभराहून जास्त बोलला. निवडणुकीत तो हरला, पण दुसरा आला. सत्तेतला रिपब्लिकन उमेदवार तिसरा गेला.

स्त्रियांना मताधिकार, बालमजुरीवर बंदी, कामगारांसाठी विमा हे सगळं या पक्षाच्या जाहीरनाम्यात होतं. वाचून वाटतं, वा.

पण थांबा, दुसरी बाजूही आहे

याच प्रोग्रेसिव्ह पार्टीच्या १९१२ च्या अधिवेशनात दक्षिणेकडच्या राज्यांतून आलेल्या कृष्णवर्णीय प्रतिनिधींना बसू दिलं गेलं नाही. दक्षिणेतल्या गोऱ्यांची मतं जातील ही भीती. म्हणजे पुढे जायचं, पण सगळ्यांना घेऊन नाही.

निवडून आलेले वुड्रो विल्सनही प्रोग्रेसिव्ह म्हणवले जात. त्यांच्या कारकिर्दीत केंद्र सरकारच्या कचेऱ्यांमध्ये काळे आणि गोरे कर्मचारी वेगळे बसवायला सुरुवात झाली.

याहून भयानक गोष्ट म्हणजे सुप्रजननशास्त्र. 'चांगल्या' माणसांनीच मुलं जन्माला घालावीत, असं सांगणारा हा विचार तेव्हा विज्ञाननिष्ठ आणि प्रगत मानला जायचा. अनेक प्रोग्रेसिव्ह मंडळी त्याच्या बाजूने होती. १९०७ मध्ये इंडियाना राज्याने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. १९२७ मध्ये व्हर्जिनिया राज्यातल्या कॅरी बक नावाच्या तरुणीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने सक्तीची नसबंदी वैध ठरवली. तिच्यावर 'मंदबुद्धी' असा शिक्का मारला गेला होता. तो खोटा असल्याचं पुढे अभ्यासकांनी दाखवून दिलं.

हे सांगायचं कारण शब्दाला बदनाम करणं नाही. बालमजुरीविरुद्ध लढणारेही हेच लोक होते. पण आपण पुढे चाललोय याची फार खात्री असली की पायाखाली कोण येतंय हे दिसत नाही, एवढं यातून कळतं.

आपल्याकडे शब्द कसा आला?

१९३५ मध्ये लंडनमध्ये सज्जाद जहीर, मुल्कराज आनंद आणि इतर तरुण भारतीय लेखकांनी प्रोग्रेसिव्ह लेखकांची संघटना काढली. एप्रिल १९३६ मध्ये लखनौला तिचं पहिलं मोठं अधिवेशन झालं. अध्यक्ष होते प्रेमचंद. आणि त्यांनी अध्यक्षीय भाषणात चक्क संघटनेच्या नावालाच हरकत घेतली. लेखक स्वभावतःच प्रगतिशील असतो, मग वेगळं सांगायची गरज काय, असा त्यांचा मुद्दा.

उर्दूत याला शब्द मिळाला 'तरक्कीपसंद', म्हणजे ज्याला प्रगती आवडते तो. किती सरळ शब्द आहे बघा. साहिर, मजरूह, कैफी आझमी हे सगळे तरक्कीपसंद शायर मुंबईत आले आणि हिंदी सिनेमाची गाणी लिहू लागले. तुमच्या प्लेलिस्टमध्ये ते आजही आहेत.

१९४७ मध्ये मुंबईत चित्रकारांचा 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' उभा राहिला. गोव्यातल्या साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा, रझा, हुसेन, आरा, हरी अंबादास गाडे आणि सदानंद बाकरे असे सहा जण. इंग्रजी कलाशाळेचं ठरावीक वळण त्यांना नको होतं. सहाही पुरुषच होते, हेही जाता जाता नोंदवायला हवं.

मराठीत मात्र या एका इंग्रजी शब्दाच्या आसपास बरेच शब्द फिरले. आधी होता 'सुधारक'. आगरकरांनी १८८८ मध्ये पत्र काढलं त्याचं नावच 'सुधारक'. पुढे 'प्रागतिक' आला. काँग्रेसमधले मवाळ बाहेर पडून त्यांनी लिबरल पक्ष काढला, तेव्हा मराठीत त्यांना प्रागतिक म्हणत. म्हणजे 'लिबरल'साठी आपण 'प्रोग्रेस'वाला शब्द वापरला. अर्थशास्त्राच्या पुस्तकात 'प्रगतिशील कर' आला. आणि राजकारणात टिकला तो 'पुरोगामी', त्याच्या विरुद्ध 'प्रतिगामी'.

पक्षांनाही हा शब्द आवडला. १९७८ मध्ये शरद पवार पहिल्यांदा मुख्यमंत्री झाले ते 'पुलोद'चे, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचे. त्या आघाडीत शेकाप होता आणि जनता पक्षही होता. जनता पक्षात तेव्हा समाजवादी होते तसाच विलीन झालेला जनसंघही होता. आज जे एकमेकांना पुरोगामी-प्रतिगामी म्हणतात, त्यांचे पूर्वसुरी एकाच 'पुरोगामी' पाटीखाली बसले होते. २००४ मध्ये दिल्लीत आलेल्या यूपीएचं मराठी नावही 'संयुक्त पुरोगामी आघाडी' असंच.

लिबरल, डावे, वोक, सगळे एकच का?

नाही. कमेंट्समध्ये सगळे एकाच पिशवीत भरले जातात, पण उगम वेगळे आहेत.

'लिबरल' लॅटिन 'लिबेर'वरून, म्हणजे स्वतंत्र. त्याचा भर व्यक्तीच्या स्वातंत्र्यावर. 'डावे' हा शब्द १७८९ च्या फ्रेंच सभागृहातल्या बसण्याच्या जागेवरून आला. राजाचे अधिकार कमी करा म्हणणारे अध्यक्षांच्या डाव्या हाताला बसत. 'वोक' म्हणजे जागा झालेला, हा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीतला शब्द. वर्णद्वेषाबद्दल सावध राहा, असा त्याचा अर्थ होता.

'प्रोग्रेसिव्ह'चा भर बदलावर आहे. समाज आहे तसा ठेवायचा नाही, तो सुधारता येतो आणि सुधारायला हवा, असं मानणारा तो प्रोग्रेसिव्ह. एखादा माणूस लिबरल असून बदलाला घाबरणारा असू शकतो. एखादा बदलाच्या घाईत दुसऱ्याचं स्वातंत्र्य तुडवूही शकतो.

मग शब्द वापरायचा कसा?

शब्दाच्या पोटात फक्त 'पुढे' आहे. कुठे, हे आपल्याला विचारावं लागतं. म्हणून कोणी स्वतःला पुरोगामी म्हणालं, किंवा दुसऱ्याला फुरोगामी म्हणालं, तर तीन प्रश्न विचारून बघा.

पहिला, पुढे म्हणजे कुठे? नेमकं काय बदलायचं आहे?

दुसरा, हे पुढे जाणं कोणी ठरवलं? ज्यांचं आयुष्य बदलणार आहे, त्यांना विचारलं का?

तिसरा, मागे कोण राहतंय?

तिसऱ्या प्रश्नाचं एक मोजमाप डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देऊन ठेवलंय. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांच्या परिषदेत ते म्हणाले होते की एखाद्या समाजाची प्रगती आपण त्या समाजातल्या स्त्रियांनी किती प्रगती केली यावरून मोजतो. म्हणजे रांगेत सगळ्यात पुढे कोण आहे ते बघू नका, ज्यांना मागे ठेवलं होतं ते कुठवर आले ते बघा. १९१२ च्या अमेरिकन अधिवेशनाला ही फूटपट्टी लावा, ब्रिटिशांच्या अहवालाला लावा, आपापल्या पक्षाला आणि घरालाही लावा. उत्तर लगेच मिळतं.

आजोबांना आता कानाचं मशीन बसवलंय. ते टीव्हीचा आवाज कमी ठेवतात आणि बातम्यांवर जास्त चिडतात. परवा चर्चेत कोणी तरी 'प्रोग्रेसिव्ह' असं काही म्हणालं आणि स्वयंपाकघरातून आजीचा आवाज आला, "आधी काय वाढतंय ते सांग म्हणावं."